"अण्णांना गाण्यानं वाचा आली म्हणे, आम्ही पण सुरू करू का?"

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर ओळख झालेल्या माणसांचे फोन मला अजून येतात. कुणाचे वडील आजारी, कुणाची सासू, एकीचा तर चाळिशीतला नवरा. तब्येतीची विचारपूस झाली की प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुमच्या अण्णांना गाण्यानं वाचा आली म्हणे. आम्ही पण म्युझिक थेरपी सुरू करू का?" पाच मिनिटांत जमेल तेवढं मी सांगते, पण फोन ठेवल्यावर महत्त्वाचं राहून गेल्यासारखं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीनं लिहिते.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर गावच्या भजनी मंडळात रमले. २०२१ च्या फेब्रुवारीत एका पहाटे ते उठून बसायला गेले आणि कॉटवरून घसरले. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली होती, म्हणजे स्ट्रोक. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं. "चष्मा द्या" म्हटलं की डाव्या हातानं चष्मा द्यायचे, बातम्या ऐकताना मान हलवायचे. तोंडातून मात्र एकच शब्द यायचा, "अरे". राग आला तरी "अरे", भूक लागली तरी "अरे". डॉक्टर म्हणाले, याला अफेझिया म्हणतात. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवून दिली, त्यालाही "टॅन" एवढाच उच्चार येत असे.

घरी आणल्यावर एकादशीला मंडळातली चार माणसं भेटायला आली. अण्णांना बरं वाटावं म्हणून त्यांनी हळू आवाजात एक अभंग धरला. दुसऱ्या ओळीला अण्णांचा आवाज त्यात मिसळला. शब्द स्पष्ट, चाल बरोबर, शेवटच्या कडव्यापर्यंत. आईनं पदर तोंडाला लावला. भावानं व्हिडिओ काढला आणि रात्रीत तो सगळ्या नातेवाइकांकडे पोचला. तुम्ही जे "म्हणे" म्हणता, ते तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं कुणी चित्रीकरण केलं नाही. अभंगात "डोळे" हा शब्द अण्णांनी रात्री दोनदा म्हटला होता. सकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालताना मी विचारलं, "अण्णा, हे काय?" त्यांनी ओठ जुळवले, कपाळावर घाम आला, आणि शेवटी "अरे" म्हणून त्यांनी उशीवर मूठ आपटली.

संगीतोपचार सुरू करण्याआधी कुणीतरी मला एवढं एकच सांगायला हवं होतं की गाता येणं वेगळं आणि बोलता येणं वेगळं. पाठ असलेलं गाणं दोऱ्यात ओवलेल्या माळेसारखं येतं. एक मणी ओढला की पुढचे आपोआप येतात, पण मधलाच एक मणी सुटा काढून हातात देता येत नाही. ही गोष्ट जुनी आहे. १७४५ मध्ये स्वीडनमधल्या ओलोफ डालिन यांनी अशाच एका माणसाची नोंद केली आहे. उजवी बाजू लुळी, "हो" सोडून शब्द नाही, पण आधीपासून पाठ असलेली प्रार्थनागीतं तो म्हणू शकत होता. आमच्या घरात घडलं तो चमत्कार नव्हता आणि बरं होण्याची खूणही नव्हती. अण्णांचा कुठला भाग शाबूत आहे, एवढंच त्या रात्री कळलं. आम्ही मात्र पाडव्यापर्यंत अण्णा बोलायला लागतील असं धरून चाललो, आणि ते ओझं त्यांच्यावर पडलं. पाहुणे आले की "अण्णा, म्हणून दाखवा" असं आम्ही सांगायचो. याची मला आजही लाज वाटते. तुमच्याकडे असं काही घडलं तर माणसाला दाखवायला बसवू नका.

त्याच गडबडीत आम्ही एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी अण्णांना पाच मिनिटं पाहिलं, तपासणीचे कागद उघडले नाहीत, एक पेनड्राइव्ह दिला. सकाळी हा राग, दुपारी तो, चाळीस दिवस लावा. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या हळूहळू कमी करता येतील, असंही म्हणाले. पैसे किती गेले ते सोडा. नशीब, गोळ्या आईनं बंद केल्या नाहीत. घरात दिवसभर सतार वाजत राहिली आणि आठव्या दिवशी अण्णांनी स्पीकरची वायर ओढून काढली.

संगीत ऐकण्यात काही नाही, असं मी म्हणत नाही. फिनलंडमधल्या संशोधकांनी स्ट्रोक झालेल्या ६० जणांचे तीन गट करून अभ्यास केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जे रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकत होते त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि लक्ष बाकीच्यांपेक्षा जास्त सुधारलं. पण ते संगीत त्यांच्या स्वतःच्या आवडीचं होतं आणि नेहमीचे उपचार चालूच होते. अमुक राग तमुक रोगावर, असा तक्ता कुणी पुढे केला तर पिशवी उचला आणि घरी या. गोळ्या कमी करायला सांगणाऱ्याकडे तर पुन्हा जाऊच नका.

आपल्याकडे स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती तुम्ही विचारू शकता. "म्युझिक थेरपिस्ट" अशी पाटी लावणाऱ्याला मात्र नीट विचारून घ्यावं लागतं. कुठं शिकलात, किती वर्षं, अशा रुग्णांबरोबर काम केलंय का, आमच्या डॉक्टरांशी बोलाल का. गाणं उत्तम येणं हे शिक्षण नव्हे. अमेरिकेत १९४४ पासून याचं पदवी शिक्षण आहे, आणि तिथं परीक्षेआधी १२०० तासांचं प्रत्यक्ष काम करावं लागतं. आपल्याकडेही पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात रुग्णालयाला जोडून अभ्यासक्रम आहे. म्हणजे शिकलेली माणसं आहेत, फक्त शोधावी लागतात.

आम्हाला पुण्यात भेटल्या त्या मुळात स्पीच थेरपिस्ट, आणि त्यांच्याबरोबर संगीतोपचार शिकलेली एक मुलगी. पहिल्या दोन भेटींत गाणं नव्हतंच. समजतं किती, ऐकू किती येतं (डाव्या कानानं कमी येत होतं, आम्हाला पत्ताच नव्हता), दमतात किती वेळात, हे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "यांना लहानपणापासून आवडणाऱ्या गाण्यांची यादी करून आणा. न आवडणाऱ्यांचीही."

यादी आम्ही तासाभरात केली. सगळे अभंग, दोन आरत्या, एक गौळण. आईनं ती वाचली आणि म्हणाली, "हे भजनी मंडळाचे अण्णा झाले. लग्नाआधीचे कुठंयत?" मग तिनं सांगितलं की जत्रेतल्या तमाशाला हा माणूस पुढच्या रांगेत बसायचा आणि घरी परतताना अख्खा रस्ता लावण्या म्हणायचा. आम्हा भावंडांना हे पन्नाशीला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. यादीत लावण्या गेल्या. एक गाणं तिनं खोडायलाही लावलं. माझे काका गेले त्या वर्षी ते सारखं लागायचं. तुम्ही यादी कराल तेव्हा घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला बरोबर घेऊन बसा. आजारी माणसाला शोभेलशी यादी करण्याचा मोह फार होतो.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते ऐकायला मुळीच सुंदर नव्हतं. बोस्टनमध्ये १९७३ च्या सुमारास तयार झालेली एक पद्धत आहे, मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. त्यात गाणी नसतात. रोज लागणारं छोटं वाक्य घ्यायचं, ते दोनच स्वरांत बसवायचं, एक वरचा आणि एक खालचा, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातानं ठेका द्यायचा. आधी थेरपिस्ट आणि रुग्ण एकत्र म्हणतात, मग थेरपिस्ट मध्येच थांबतात, मग रुग्णानं एकट्यानं म्हणायचं, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. एकच वाक्य दिवसाला शंभर वेळा. मेंदूच्या उजव्या बाजूकडून काम करून घ्यायचं, असा मूळ विचार. पण लाइपझिगच्या संशोधकांनी २०११ मध्ये १७ रुग्णांचा अभ्यास करून दाखवलं की सुरापेक्षा ठेका आणि तोंडात बसलेले शब्द यांचा वाटा मोठा असावा.

अण्णांच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. तीन आठवडे "पाणी द्या" येईना. एक दिवस त्या मुलीनं विचारलं, "हे नोकरीत असताना दिवसभर काय म्हणायचे?" मी म्हटलं, "काय म्हणणार? चलाऽऽ, पुढं सरका." अण्णांनी मान वर केली. डाव्या हातानं टेबलाच्या कडेवर टकटक केलं, तिकिटाचा पंच बाकाच्या दांडीवर वाजवायचे तसंच, आणि म्हणाले, "चलाऽऽ, पुढं सरका." पुढचे दोन महिने त्याच चालीवर सगळी वाक्यं बसवली. चलाऽऽ, पाणी द्या. चलाऽऽ, भूक लागली. चलाऽऽ, बाहेर जाऊ. "पाणी द्या" हे त्यांचं आजारानंतरचं स्वतःहून मागितलेलं पहिलं वाक्य, आणि ते बसच्या चालीत आलं.

घरच्यांचा वाटा यात फार मोठा आहे आणि तो आधी कुणी सांगत नाही. आठवड्यातून एकदा पुण्याला जाऊन काही होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं कुणीतरी समोर बसायला लागतं, टीव्ही बंद करून. आम्ही आधी व्हिडिओ कॉलवर सत्रं करून पाहिली, प्रवास वाचेल म्हणून. जमलं नाही, कारण फोनवर आवाज क्षणभर मागं पडतो आणि एकत्र म्हणायलाच येत नाही. शेवटी ती मुलगी मला शिकवायची आणि घरी अण्णांबरोबर मी म्हणायचे. मला गाता येत नाही. दोन स्वरांना गाता यावं लागतही नाही. वेळ मात्र ठरलेली लागते, आणि ती कोण देणार हे भाऊ-बहीण-सुनांनी सुरुवातीलाच उघडपणे बोलून घ्यावं. आमच्याकडे ते बोलणं उशिरा झालं आणि वहिनीच्या मनात बरंच साचलं.

रडण्याबद्दलही सांगते. ठेका सुरू झाला की अण्णा कधी कधी हुंदके द्यायचे आणि आम्ही घाबरून थांबायचो. कुणी म्हणायचं भक्ती दाटली, कुणी म्हणायचं दुःख बाहेर पडतंय. डॉक्टरांनी सांगितलं की स्ट्रोकनंतर रडण्या-हसण्यावरचा ताबाच कमी होतो, त्यामागं प्रत्येक वेळी भावना असतेच असं नाही. तेव्हापासून आम्ही मिनिटभर थांबून, हात धरून, पुढं म्हणायला लागलो. मात्र तोंड फिरवलं, डोळे मिटले, ठेका सुटला, की तो दमल्याचा इशारा. तिथं थांबायचंच. आणि ज्यांना फिट्स येतात त्यांच्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. संगीतानं फिट येणं दुर्मीळ आहे, पण ते घडतं.

आता मिळालं काय? सुरुवातीलाच आमच्याकडून लिहून घेतलं होतं की तीन महिन्यांत दहा वाक्यं स्वतःहून. तीन महिन्यांत सहा झाली. वर्षभरात तीसेक. आज अण्णा पेपर मोठ्यानं वाचू शकत नाहीत, फोनवर बोलू शकत नाहीत, नातवाचं नाव अजून अडतं. पण कुठं दुखतंय ते सांगतात, चहात साखर कमी आहे हे सांगतात. आणि सूर पूर्ण सुटलेला नाही. बाजारात "चलाऽऽ, किती झाले?" असं विचारतात तेव्हा माणसं वळून बघतात, पोरं हसतात. पहिल्यांदा माझ्या भावानं त्यांना गप्प केलं. त्यानंतर दोन दिवस अण्णा एक शब्द बोलले नाहीत. बोलणं परत आलं तरी ते असं ऐकू येऊ शकतं, याची तयारी अख्ख्या घराची हवी.

ही पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही. समजतं पण बोलता येत नाही, अशांसाठी ती आहे. जे भरभर बोलतात पण शब्दांचा अर्थ लागत नाही आणि ऐकलेलंही नीट कळत नाही, त्यांचा मार्ग वेगळा. पार्किन्सनच्या एका काकांना मी तिथंच ठेक्यावर पावलं टाकताना पाहिलं, दारात अडकून बसणारे पाय मेट्रोनोमच्या, म्हणजे एकसारखा ठेका देणाऱ्या यंत्राच्या, टकटकीला सुटले. ऑटिझम असलेल्या मुलांचे आई-वडील विचारतात तेव्हा मी स्वतःच्या अनुभवावरून बोलत नाही. थेरपिस्टबाईंनी दाखवलेला एक अभ्यास सांगते. ९ देशांत ३६४ मुलांवर तो झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पाच महिन्यांनंतर लक्षणांच्या तीव्रतेत संगीतोपचारानं फरक दिसला नाही. याचा अर्थ मुलाला त्यातून काहीच मिळणार नाही असा नाही. पण "लक्षणं जातील" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध राहा.

फोन करणार असाल तर जरूर करा. यादी आधी करून ठेवा, आणि माणूस आजारी पडण्याआधी दिवसभर तोंडानं काय म्हणायचा तेही लिहा. भाजी विकताना, वर्गात हजेरी घेताना, गुरांना हाकारताना. फक्त संध्याकाळी सातनंतर करा. त्याआधी आमचं चालू असतं.