हात लावला की तुझं

आमच्या मंडळाला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. आम्ही चौघं आणि नियम एकच: ज्याचा हात आधी लागला, पुस्तक त्याचं. रविवारी सकाळी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जमायचं, मान तिरकी करकरून जुनी पुस्तकं धुंडाळायची आणि मग इडली-कॉफीवर एकमेकांचा माल बघून जळायचं.

या जळण्याला खानदानी परंपरा आहे. १८१२ साली लंडनमध्ये रॉक्सबर्गच्या ड्यूकचा ग्रंथसंग्रह लिलावात निघाला. त्यातल्या बोकाचिओ या जुन्या इटालियन लेखकाच्या 'डेकॅमेरॉन' या कथासंग्रहासाठी, १४७१ सालच्या व्हेनिसच्या प्रतीसाठी, दोन उमराव इरेला पेटले. प्रत गेली २,२६० पौंडांना. त्याच संध्याकाळी शौकीन मंडळी जेवायला जमली आणि रॉक्सबर्ग क्लब जन्मला. अध्यक्ष कोण, तर लिलावात हरलेला अर्ल स्पेन्सर! पुढे जिंकणारा कर्जात बुडाला, आणि सात वर्षांनी तीच प्रत स्पेन्सरला ९१८ पौंडांत मिळाली.

सदस्यानं पदरमोड करून एखादं पुस्तक छापावं आणि बाकीच्यांना भेट द्यावं, ही त्या क्लबची प्रथा. आमच्यातल्या बँकवाल्या काकांनी ती मनावर घेतली. जुन्या पाककृतींच्या पुस्तकाच्या चार झेरॉक्स काढून बांधून आणल्या. बाइंडरनं मधली सोळा पानं उलटी शिवली होती. छपाई-बांधणीतली चूक असलेल्या प्रतीला संग्राहकांत भाव असतो म्हणे. पण चारही प्रतींत तीच चूक, त्यामुळे तोही मान गेला.

गेल्या महिन्यात मला निर्णयसागर छापखान्याचं एक संस्कृत पुस्तक दिसलं. जावजी दादाजींनी मुंबईत काढलेला तो छापखाना, त्याचा टपोरा देवनागरी टाइप! डोळ्यांत हाव दिसली की विक्रेता भाव चढवतो, म्हणून मी शेजारच्या इन्कमटॅक्सच्या गाइडची किंमत विचारत बसलो. तेवढ्यात काकांचा हात पडला.

कॉफी पिताना त्यांनी ते मला हाताळायला दिलं, एवढा मोठेपणा खरा. पिवळ्या पानामागून बोट फिरवलं की छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या अक्षरांचा, उठाव लागतो. कोपऱ्यात कसरीनं नकाशा कोरलाय. परत देताना माझा हात जरा रेंगाळला. काकांनी ते पाहिलं आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

स्पेन्सरसारखी सात वर्षं थांबायची माझी तयारी आहे. पण काकांवर कर्ज नाही, पेन्शन चांगली आहे, आणि रोज पहाटे ते शिवाजी पार्कला पाच फेऱ्या मारतात.