तीन ठिकाणं, एक दिवस : आमची वाटचाल

२००९ साली मी आणि अण्णांनी मिळून एका दिवसाच्या सहली काढायला १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तीही जुनी. अण्णा माझे मामेभाऊ, गाडी तेच चालवतात. पैसे निम्मे-निम्मे. "विहीर बघायला पैसे देऊन कोण येणार?" असं घरच्यांनीच ऐकवलं होतं.

आमचा रस्ता ठरलेला. नवा बोगदा टाळून जुन्या कात्रज घाटाने जायचं, शिरवळला दगडी पाणपोईपाशी उतरायचं, पुढे घुंगरं लावलेल्या चरकाची रसवंती दिसली की थांबायचंच. रुंदीकरणात रस्त्याकडेचे वड गेले, तरी जुन्या माणसांना तो चरक वाजला की साताऱ्याची एसटी आठवते. मग मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेच्या घाटावरची पोर्तुगीज घंटा, वाईचा ढोल्या गणपती आणि शेवटी दुपार कलल्यावर लिंबची बारा मोटांची विहीर. नाव बारा मोटांचं, पण मोटा चालायच्या पंधरा. हे आम्ही लोकांना आधी सांगत नाही, त्यांनाच मोजायला लावतो.

पहिल्याच वर्षी एक निवृत्त शिक्षिका आल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. विहिरीच्या पायऱ्या उतरून आत गेलो, मी शिलालेखावर समोरून बॅटरी मारली. बाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि भिंतीला जवळजवळ टेकवून कडेने धरली. सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरं सावली घेऊन वर आली. मग माझं पत्रक पुढे करून म्हणाल्या, "यात शके १४६१ छापलंय. ७८ मिळवा. १५३९ येतं. शिवाजी महाराजांचाही जन्म झाला नव्हता तेव्हा, मग साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातली विहीर कशी?" छापखान्यात आकडे उलटले होते; हवं होतं शके १६४१, म्हणजे १७१९. पाचशे पत्रकं वाटून झाली होती. पुढच्या खेपेला दुरुस्त केलं.

त्यानंतरची आठ वर्षं बरी गेली, दुसरी गाडीही आली.

२०१८ च्या दिवाळीनंतर बाईंनीच एक रंगीत पत्रक आणून दिलं. दुसऱ्या सहलवाल्यांचं. आमचाच रस्ता, आमचीच वाक्यं, आणि विहिरीखाली शके १४६१! माझी छपाईची चूकसुद्धा जशीच्या तशी उचलली होती. आम्ही माणशी ८५० घ्यायचो, त्यांनी ६०० लावले आणि वर सज्जनगड, ठोसेघर, महाबळेश्वर जोडलं. एका दिवसात सहा ठिकाणं! विहिरीला वीस मिनिटं, रसवंतीला शून्य. तरी लोक तिकडेच गेले. सहा म्हटलं की तीन कमीच वाटतात.

त्या हिवाळ्यात सतरा सीटच्या गाडीत चार-चार माणसं घेऊन आम्ही गेलो. डिझेल तेवढंच लागतं, चालकाचा दिवस तेवढाच जातो. तीन हप्ते थकले, दुसरी गाडी पडत्या भावात विकली. अण्णांनी पाच महिने स्वतःचा हिस्सा घेतला नाही. मला कळू नये म्हणून वहीत मात्र सही करत होते. हे मी विसरलेलो नाही, आणि ते पत्रकही जपून ठेवलंय.

फेब्रुवारीत बाईंनी त्यांच्या शाळेतले जुने सहकारी गोळा करून अख्खी गाडी ठरवली, सलग चार रविवार. सवलत मागितली नाही. तेवढ्यावर हप्ते फिटले. टाळेबंदीत पुन्हा सगळं थांबलं, पण तेव्हा सगळ्यांचंच थांबलं होतं. त्याचा मला राग नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना सांगतो : दोन ठिकाणं कमी करा, पण उतरलेल्या माणसाला घाई करू नका. गाडी सोडण्याआधी माणसं स्वतः मोजा, "सगळे आले का?" असं विचारून भागत नाही. आणि शिलालेखात खडू किंवा पीठ कधीही भरू नका. दगड खराब होतो. बॅटरी कडेने धरली की पुरते.

बाई आता ७९ वर्षांच्या आहेत. विहिरीच्या पायऱ्या उतरत नाहीत, वर काठावर बसतात आणि खाली गेलेल्यांना विचारतात, "किती मोजल्या मोटा?" त्यांच्यासाठी पुढची खिडकीची सीट आम्ही कुणाला देत नाही.