कंसाबाहेरचा मायनस

पोरं कंसाला घाबरत नाहीत, कंसाबाहेरच्या मायनसला घाबरतात. पतपेढीतून निवृत्त झाल्यापासून वाड्यातली सातवी-आठवीची मुलं संध्याकाळी माझ्याकडे वह्या घेऊन येतात. "काका, इथे चिन्ह बदलायचं ना?" हा प्रश्न रोजचाच. नियम पाठ असतो, पण का बदलायचं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात.

मग मी पैशावर येतो. खिशात ५०० रुपये, किराण्याचं बिल २००, त्यात दुकानदाराने ३० सोडले. मांडा: ५०० − (२०० − ३०). उरले ३३०, हे तोंडीच येतं. आता कंस काढा. चिन्ह न बदलता ५०० − २०० − ३० लिहिलं तर उरतात २७०. म्हणजे सूट देणं राहिलं बाजूला, दुकानदाराने वर तीस रुपये उकळले! पैशाचं म्हटल्यावर चूक कोणालाही पटते. "अधिक तीस पाहिजे, काका!"

आता ५क्ष − २(क्ष − ३). (हल्लीच्या पुस्तकांत इंग्रजी अक्षर असतं, माझा हात अजून क्षवरच जातो.) बाहेरचा वजा दोन आतल्या दोन्ही पदांना गुणतो: ५क्ष − २क्ष + ६, म्हणजे ३क्ष + ६. निम्म्या वह्यांत ३क्ष − ६ असतं. मी लाल रेघ मारत नाही, क्षच्या जागी १ घालायला लावतो. मूळ राशी येते ९. ३ + ६ नऊ, ३ − ६ मात्र वजा तीन. रोकड जुळल्याशिवाय कुलूप न लावायची सवय कुठे जाणार!

पडताळ्याला ० घेऊ नका मात्र. ३(क्ष + ४) चं उत्तर कोणी क्ष + १२ लिहिलं, तरी शून्याला दोन्हीकडे १२च येतात. अशा साध्या, वर्ग नसलेल्या राशीत दोन वेगवेगळ्या किमतींना उत्तरं जुळली, की खुशाल पुढे जा.

कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) मात्र इथे थोडा घात करतं. 'आधी कंस' म्हणून मुलं २(क्ष + ३) मधल्या क्ष आणि ३ ची मोट बांधून ३क्ष करतात आणि उत्तर ६क्ष देतात. आत बेरीज होतच नसेल, तर बाहेरच्याने प्रत्येकाला गुणत जायचं.

हे काही नवं नाही. ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी १३५ ला १२ ने गुणायला सांगितलंय. बाराचे ८ आणि ४ करून गुणा, नाहीतर २० ने गुणून आठपट वजा करा: २७०० − १०८० = १६२०. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला आहे, म्हणून ही गोष्ट सांगताना माझा आवाज जरा चढतो.

पुढच्या आठवड्यात (अ + ब)². सगळे अ² + ब² लिहिणार, हे आत्ताच सांगतो. १३ म्हणजे १० + ३. त्याचा वर्ग १६९, आणि १०० + ९ होतात १०९. मधले साठ कुठे गेले, ते त्यांनाच शोधायला लावणार आहे.