आठ वर्षं मार का सोसला?

अठराव्या शतकातल्या मेरी एलिनॉर बोझबद्दल बोलले की हा प्रश्न हमखास येतो. इंग्लंडातल्या बड्या वारसदारांपैकी एक, स्ट्रॅथमोरची काउंटेस. मग नवऱ्याचा मार आठ वर्षं का सोसला? सरळ निघून का गेली नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निघून जायचं कशाच्या जिवावर?

वडिलांच्या उत्तर इंग्लंडातल्या डरहॅममध्ये कोळशाच्या खाणी. ही एकुलती एक, जन्म 1749चा. पहिला नवरा अर्ल, पण हिच्याशी लग्न करायचं म्हणून त्यालाही बोझ हे आडनाव घ्यावं लागलं. तो 1776 मध्ये वारला तेव्हा पदरात पाच मुलं होती. पुढच्याच जानेवारीत स्टोनी नावाच्या आयरिश लष्करी माणसानं तिच्या अब्रूसाठी म्हणून एका वृत्तपत्राच्या संपादकाशी द्वंद्वाचं नाटक केलं. मरायला टेकलोय असं भासवून तो स्ट्रेचरवरून चर्चमध्ये आला आणि लग्न लागल्यावर ठणठणीत झाला.

लग्न झालं की बायकोची मालमत्ता नवऱ्याची, हा तेव्हाचा तिथला कायदा. म्हणून लग्नाआधीच तिनं दस्त करून मिळकत विश्वस्तांकडे सोपवली होती. स्टोनीला ते कळलं आणि काही महिन्यांतच तो दस्त रद्द केल्याच्या कागदावर त्यानं तिची सही घेतली. तिच्या गिबसाइडच्या इस्टेटीवरची झाडं तोडली. तिच्या पूर्वायुष्यातल्या ‘पापांची’ कबुली तिच्याच हातानं लिहून घेतली आणि स्वतःजवळ ठेवली. माझ्या मते हे मारापेक्षाही वाईट, कारण आता ती कुठेही गेली तरी तो कागद कोर्टात तिच्याविरुद्ध उभा राहणार होता. पहिली पाच मुलं वडिलांच्या पश्चात नेमलेल्या पालकांच्या ताब्यात, आणि या लग्नानंतर झालेल्या धाकट्या दोघांवर कायद्यानं हक्क स्टोनीचा.

शेवटी ती गेलीच. मेरी मॉर्गन या मोलकरणीनं अंगावरचे वळ पाहिले आणि फेब्रुवारी 1785 मध्ये, स्टोनी बाहेर जेवायला गेलेला असताना तिला घराबाहेर काढलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्यानं तिला भर दिवसा लंडनमधून पळवलं, उत्तरेला नेलं, पिस्तूल रोखून घटस्फोटाचा खटला मागे घे म्हणाला. तिनं सही केली नाही. अखेर लोकांनी तिला सोडवलं. दस्त रद्द करणारी सही जबरदस्तीची होती, हे कोर्टानं मानलं आणि 1789 मध्ये घटस्फोट पक्का झाला. धाकटी दोन्ही मुलं तिला परत मिळाली.

मॉर्गन 1796 मध्ये वारली तेव्हा तिच्या धैर्याची स्मृतिशिला काउंटेसनं इंग्लंडातल्याच क्राइस्टचर्च गावच्या चर्चमध्ये बसवली.