शस्त्रक्रियेनंतरचे तिसरे वर्ष

माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली, त्याला येत्या महिन्यात तीन वर्षे पूर्ण होतील. पहिल्या वर्षाविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात आणि ते स्वाभाविकच आहे, कारण त्या वर्षात काटा दर आठवड्याला खाली सरकत असतो, जुने कपडे अंगावर लोंबू लागतात, जिना चढताना लागणारी धाप कमी होते आणि भेटणारा प्रत्येक जण आपण होऊन कौतुक करतो. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या काळाविषयी. तेव्हा कौतुक ओसरलेले असते, भूक परत आलेली असते आणि जे करायचे ते कोणी पाहत नसताना, रोज करायचे असते. त्या काळात माझे काय चुकले आणि मी पुन्हा कशी सावरले, हे नीट सांगावेसे वाटते. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन दीड-दोन वर्षे झाली आहेत आणि ज्यांनी वजनकाटा पलंगाखाली सरकवून ठेवला आहे, त्यांना तर विशेष.

माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारची होती. तीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. त्यामुळे थोड्याशा घासांत पोट भरते, हे सर्वांना ठाऊक असते. पण जो भाग काढला जातो, तिथेच घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होत असते आणि म्हणून भूकच मंदावते, ही गोष्ट आधी समजावून सांगितलेली असूनही माझ्या मनात पुरेशी उतरली नव्हती. पहिले आठ-नऊ महिने मला खरी भूक लागल्याचे आठवतच नाही. चौदा महिन्यांत वजन ११८ किलोवरून ७६ किलोवर आले आणि त्याचे सारे श्रेय मी माझ्या निर्धाराला दिले. निर्धार होता, नाही असे नाही. परंतु त्याची परीक्षा अजून व्हायचीच होती. शस्त्रक्रियेने मला वर्षभराची उसंत मिळवून दिली होती आणि तेवढ्या अवधीत नव्या सवयी अंगवळणी पाडून घ्यायच्या होत्या. काही मी लावून घेतल्या. काही राहून गेल्या, कारण त्यांच्याविनाही वजन उतरतच होते.

भूक एका दिवसात परत येत नाही. माझ्या बाबतीत ती रात्री अकराच्या सुमारास, स्वयंपाकघरातला दिवा न लावता, ओट्याशी उभ्याने खाल्लेल्या दोन बिस्किटांच्या रूपाने आली. दोनाची चार झाली आणि चारांचा अर्धा पुडा. शस्त्रक्रियेनंतरही असे कसे खाता येते, असा प्रश्न अनेकांना पडतो. घट्ट आणि प्रथिनयुक्त अन्न त्या अरुंद नळीत काही काळ थांबते आणि चार-सहा घासांत पुरे झाल्याची जाणीव देते. बिस्किटे, आइस्क्रीम किंवा चिप्स मात्र तोंडात विरघळतात आणि सहज खाली सरकतात, त्यामुळे अडवणारे असे काही उरतच नाही. त्यातून जेवताना पाणी प्यायची जुनी सवय परतली की अन्न आणखी लवकर पुढे जाते. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवणानंतर अर्धा तास थांबायचे, हा नियम पहिल्या वर्षी मी घड्याळ लावून पाळला होता. तो कधी सुटला, हे मला सांगता येणार नाही.

पावणेदोन वर्षे झाली तेव्हा वजन ८५ किलो होते. त्या सुमारास ताप आला म्हणून मी एका दवाखान्यात गेले असता तिथल्या डॉक्टरांनी माझे कागद चाळून म्हटले, "एवढी शस्त्रक्रिया करूनही वाढलंच का?" त्या वाक्याने मी आतून मोडले. घरी येऊन वजनकाटा पलंगाखाली ढकलला आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडची ठरलेली तपासणी फोन करून पुढे ढकलली. दुसऱ्यांदा फोनही केला नाही. त्या डॉक्टरांचे बोलणे अन्यायाचे होते, असे मला आजही वाटते. पण त्यानंतरचे आठ महिने तपासणी टाळली ती मी, आणि त्याचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही.

तपासणीबरोबर गोळ्याही सुटल्या. जीवनसत्त्वे आणि खनिजे आयुष्यभर घ्यायची आहेत, हे मला पाठ होते, परंतु न घेतल्याने काही बिघडताना दिसत नव्हते आणि फसगत होते ती नेमकी इथेच. ब१२ जीवनसत्त्व अन्नातून शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल आणि तिथेच तयार होणारे एक प्रथिन लागते. जठराचा मोठा भाग गेला की हे शोषण कमी होते. मात्र यकृतात ब१२चा मोठा साठा असतो आणि तो संपायला पुष्कळ काळ लागतो. आज केलेल्या हलगर्जीपणाचा परिणाम उद्या दिसत नाही, तो कितीतरी महिन्यांनी दिसतो आणि तोवर आपण निर्धास्त झालेले असतो. मला तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. आधी वाटले, बसण्यात काही चूक होत असेल. मग एकदा न्हाणीघरात पायाखालच्या फरशीचा गारवा एका पायाला कळला आणि दुसऱ्याला कळला नाही, तेव्हा मी घाबरले. ब१२ची कमतरता फार काळ राहिली तर मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते, हे मी वाचलेले होते. दुसऱ्या दिवशी मी ताईला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेले.

वजनकाट्यावर उभे राहताना मी डोळे मिटले होते. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला आणि सर्वांत आधी पायांविषयी विचारले, मग छातीत जळजळ होते का, उलट्या होतात का, असे प्रश्न विचारले, कारण वजन वाढण्यामागे कधी कधी जठराच्या रचनेतला बदलही असू शकतो आणि तो घरी बसून स्वतःला दोष देत राहिल्याने कळत नाही. नंतर त्यांनी मला स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाविषयी सांगितले. त्यातल्या गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराचा बराचसा भाग वगळून अन्न पुढे वळवण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली होती. माझी शस्त्रक्रिया निराळी, तरी मुद्दा तोच होता: सर्वांत खालच्या आकड्यावरून काही किलो वर येणे हे अनेकांच्या बाबतीत घडते. मी मात्र ७६ या आकड्याला माझे कायमचे वजन मानून बसले होते आणि त्याच्या वरचा प्रत्येक किलो मला गुन्ह्यासारखा वाटत होता.

त्या दिवसापासून जबाबदारी या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ बदलला. तोवर मी जबाबदारी आणि अपराधीपणा यांत फरक करत नव्हते. अपराधी वाटले की माणूस तोंड लपवतो; मी आठ महिने तेच केले आणि त्या आठ महिन्यांत वजनही वाढले आणि रक्तातले ब१२ही घटले. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार आहे, त्यात आनुवंशिकतेचा आणि संप्रेरकांचा मोठा वाटा आहे, वजन उतरल्यावर शरीराची ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढू पाहते. यातले काहीही माझ्या हातात नाही. माझ्या हातात आहे ते एवढेच की जे घडत आहे ते वेळेवर आणि खरेखरे सांगणे, आणि दिलेली औषधे घेणे. पुढे गरज पडली तर वजनासाठी औषधे किंवा दुसरी शस्त्रक्रिया हेही मार्ग आहेत, आणि ते स्वीकारणे म्हणजे हार मानणे आहे, असे मी आता समजत नाही.

उत्साह टिकवायचा कसा, असे मला वारंवार विचारले जाते. माझा अनुभव असा की तो टिकत नाही आणि टिकावा म्हणून धडपडू नये. तो नसलेल्या दिवशीही काम चालेल अशी व्यवस्था करून ठेवावी. माझ्या जेवणाच्या टेबलावर गोळ्यांची एक डबी आहे, सात वारांचे सात कप्पे आणि प्रत्येकाचे दोन भाग. कॅल्शियममुळे लोहाचे शोषण अडते, म्हणून लोह सकाळच्या भागात आणि कॅल्शियम संध्याकाळच्या भागात. डबी रविवारी रात्री भरते. बुधवारचा कप्पा गुरुवारी भरलेला दिसला, तर त्यावर स्वतःशी वाद घालायला जागाच उरत नाही. वजन आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी. बसल्याशिवाय आणि ताटलीत घेतल्याशिवाय काहीही खायचे नाही, या एका नियमाने रात्रीची बिस्किटे जितकी कमी झाली तितकी कोणत्याही शपथेने झाली नव्हती, कारण दिवा लावून, खुर्ची ओढून, ताटलीत दोन बिस्किटे ठेवून बसले की मला भूक लागलेली नाही, मला एकटे वाटते आहे, हे बहुधा लक्षात येते. अशा वेळी मी ताईला फोन करते. "बोल गं," एवढेच ती म्हणते. जठर लहान झाले तरी मनाने अन्नाकडून मागितलेला आधार तसाच राहतो, आणि त्यासाठी काही महिने मी समुपदेशकांकडेही गेले. शस्त्रक्रियेआधीच जायला हवे होते, असे आता वाटते.

व्यायामाविषयी थोडेच सांगते. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही घटतात, म्हणून चालण्याच्या जोडीला मी आठवड्यातून तीन दिवस वजने उचलते आणि दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रथिने पोटात जातील याकडे लक्ष देते.

ब१२ची इंजेक्शने सुरू झाल्यावर तीन महिन्यांत पायांच्या मुंग्या ओसरल्या. उजव्या अंगठ्याची बधिरता थोडी उरली आहे. वजन ८१ किलोवर आले आहे. पुढची तपासणी येत्या गुरुवारी आहे. आहारतज्ज्ञ मॅडमनी जे खाल्ले ते सर्व लिहून आणायला सांगितलेली वही मी आज पिशवीत ठेवली. तीत मागच्या महिन्यातल्या तीन दिवसांची पाने कोरी आहेत. त्या तीन दिवसांत मी काय काय खाल्ले ते मला पुरते आठवत नाही, आणि अंदाजाने, बरे दिसेल असे काही लिहून ती भरायचा मोह काल रात्री झाला होता. मी ती कोरीच ठेवली आहेत.