पन्नास हर्ट्झची खोटी साक्ष

रीळ गिरगावातल्या एका पोटमाळ्यावरून आमच्याकडे डिजिटल प्रत करायला आलं. पाव इंची टेप, साडेदहा इंची रीळ, टेप अँपेक्स कंपनीची, ४५६ जातीची. डब्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं: १९८७, १५ इंच (सेकंदाला, टेपचा वेग), एनएबी (खर्ज आणि वरचा आवाज किती उचलायचा त्याचं एक मानक), टेल्स आउट (टेपचा शेवट बाहेरच्या बाजूला), तीन गाण्यांची नावं आणि प्रत्येकापुढे वेळ. सायं. ७.२०, रात्री १०.४५, पहाटे ३.००. लिहिणारा त्याच बँडचा गिटारिस्ट. दिवसा तो एका जिंगल स्टुडिओत सहायक रेकॉर्डिस्ट होता, आणि धोबी तलावाजवळच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम व्हायचे तेव्हा स्टेजवर. स्टुडिओ रिकामा मिळाला त्या एका रात्रीत पूर्ण बँड एकत्र वाजवून त्याने थेट स्टिरिओवर उतरवला होता. मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक) नाही, म्हणजे जे आहे ते या दोन ट्रॅकमध्येच.

४५६ म्हटलं की आधी हातानेच दोन वेढे सोडून बघायचे. थर एकमेकांना धरून होते, चिकटपट्टी ओढल्यासारखा आवाज आला. ऑक्साइड धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप हवेतली ओल पितो आणि चिकट होतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. असली टेप तशीच मशीनवर चढवली तर ती किंचाळते, हेडवर तपकिरी राप बसतो, वरच्या पट्टीतला आवाज विझत जातो आणि कधी टेप जागेवरच थांबते. उपाय भाजण्याचा. पण त्याआधी रीळ उजेडासमोर धरायचं. कडेने आरपार उजेड दिसला तर ती अॅसिटेट, तिला उष्णता लावायची नाही. ही अपारदर्शक होती, म्हणजे पॉलिएस्टर.

फळं सुकवायच्या डीहायड्रेटरमध्ये रीळ आडवं ठेवून ५४ अंशांवर ८ तास. यंत्राच्या काट्यावर विश्वास नको, आत वेगळा थर्मामीटर हवाच; आमच्या यंत्राची तबकडी चार अंश कमी दाखवते. गॅसची भट्टी वापरू नये, गॅस जळताना वाफ होते आणि ओल घालवायलाच तर आपण बसलोय. अर्ध्यावर रीळ उलटलं. रात्रभर थंड होऊ दिलं. भाजल्यावर काही आठवडे हाताशी असतात, मग ओल परत शिरते.

सकाळी जोड तपासले. गाण्यांमधले दोन स्प्लाइस सुटले होते, जुना गोंद पुसून नवे केले. हेड आणि गाइड आयसोप्रोपिलने पुसले, डीमॅग्नेटाइझ केले, रीळ सुरुवातीपर्यंत उलटं गुंडाळून घेतलं. इक्वलायझेशनचा खटका आधी आयईसी या दुसऱ्या मानकावर राहिला होता आणि पहिल्या दोन सेकंदांतच कळलं: खर्ज फुगलेला, वरचा आवाज साधारण ३ डेसिबलने दबलेला. एनएबीवर टाकल्यावर आवाज जागेवर आला. (डब्यावर हे एक अक्षर लिहिलेलं नसेल तर लोक तासन् तास इक्यू करत बसतात.)

टेपच्या तोंडाशी १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झचे टोन होते. त्यांवरून अॅझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, लावला. इथे एक फसगत नेहमीची: थेट १० किलोहर्ट्झवर लावलं तर दोन ट्रॅक एका पूर्ण आवर्तनाने चुकूनही ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेघ सरळ दिसते. म्हणून आधी १ किलोवर लावायचं, मग १०वर बारीक फिरवायचं.

पहिलं गाणं सुरू झालं. सूर चढा. माझ्या ट्यूनरवर गिटारची प्रत्येक मोकळी तार एकसारखी ३५ सेंट वर (१०० सेंट म्हणजे अर्धा सूर). एकच तार चढी असती तर वाजवणाऱ्याची चूक म्हटलं असतं; बेसही तेवढाच वर होता, म्हणजे वेगाची गोष्ट. अशा वेळी आमचा ठरलेला साक्षीदार हम. गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमधून विजेची ५० हर्ट्झची घरघर टेपवर उतरलेलीच असते, ती मोजायची. ५१ भरली तर टेप २ टक्के जोरात चाललीय. मोजली. ५०.० भरली. सुरुवातीला ५०.०, शेवटाला ५०.०, तिन्ही गाण्यांत ५०.०.

म्हणजे वेग बरोबर, आणि बँडच चढ्या सुरात लावलेला? असं करतातही लोक. पण दुसरं गाणं २४ सेंट वर आणि तिसरं २० सेंट खाली होतं. एका रात्रीत एका बँडने तीनदा पूर्ण वाद्यमेळ नव्याने लावला, हे पटेना.

टोन मी अॅझिमथसाठी वापरला होता, त्याची फ्रिक्वेन्सी मोजलीच नव्हती. मोजली: १०२०. जुना ऑसिलेटर, घसरलेला असू शकतो. पण टोननंतर काही सेकंदांचा एक मऊ, स्वच्छ, हळूहळू विरणारा सूर होता, तो मी आधी कुणाचं तरी सूर लावणं समजून सोडला होता. ४४९. दुसऱ्या गाण्याआधीही तसाच एक, ४४६.२. तिसऱ्याआधी ४३४.८.

गिटारिस्टला फोन लावला.

"काका, गाण्यांआधी तो सूर कसला आहे?"

"नादकाटा. ४४०चा, पोलादी. वाजवून पिकअपवर धरायचो. तारा लावायच्याच असायच्या, म्हटलं टेपवरही राहू दे."

"आणि रेकॉर्डिंगची मशीन?"

"जुनी होती. मेन्सवरची मोटर."

पोलादी काटा तापमानाच्या एका अंशाला जेमतेम ०.०५ हर्ट्झ हलतो. खोटं बोललं होतं ते हमने, आणि का ते 'मेन्सवरची मोटर' या दोन शब्दांत होतं. सिंक्रोनस मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. ग्रिड ४९वर उतरली की मोटर २ टक्के हळू फिरते आणि हमही ४९चा होतो. दोन्ही सारखेच घसरल्यामुळे टेपवर हमच्या लाटेची लांबी बदलतच नाही. क्वार्ट्झने वेग पक्का धरणाऱ्या माझ्या मशीनवर ती नेमकी ५०च वाचणार, वीज कशीही असली तरी. आणि तेव्हा ती कशीही असायची. २००२च्या सुमारास उपलब्धतेवर आधारित दर (ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीशी जोडलेला वीजदर) लागू होईपर्यंत आपल्याकडची ग्रिड संध्याकाळच्या भारात ४९च्या आसपास आणि खालीही घसरे, अपरात्री ५०च्या वर जाई. डब्यावरच्या वेळा पाहिल्या आणि गणित केलं: सायंकाळी ४९.०, पावणेअकराला ४९.३, पहाटे ५०.६. जुळलं.

पहिल्या गाण्यावरून सगळ्या रिळाला एकच दुरुस्ती लावली असती तर आधीच उतरलेलं तिसरं आणखी खाली गेलं असतं.

टेप नेहमीच्याच वेगाने, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर, काही न बदलता उतरवून ठेवली. दुरुस्ती प्रतीवर. तीही पिच शिफ्टने नाही, कारण लांबी तशीच ठेवण्याच्या नादात गिटारचा आघात चोथा होतो. साधा वेग बदलायचा: ९८, ९८.६, १०१.२ टक्के. पहिलं गाणं चार मिनिटांचं होतं, ते ४ मिनिटं ५ सेकंदांचं झालं. ड्रमर घाईत वाटत होता तो एकदम निवांत वाटायला लागला.

हम काढायचा तर वेग बदलण्याआधीच. तिथे तो ५०वर खिळा ठोकल्यासारखा, अगदी अरुंद नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात तसंच केलं. पहिल्यात नाही. ते गाणं जीमध्ये आहे, आणि बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. टेपवर २ टक्के चढून तो बरोबर ५०वर आला होता, त्याचे स्वरांश १००, १५०, २००वर. हमचा एकेक दात उपटताना बेसचा मूळ स्वरच उपटला गेला असता. हम तसाच राहू दिला, फक्त सुरुवातीच्या शांततेत आणि शेवटच्या विरत्या कॉर्डखाली हाताने त्याचा आवाज कमी केला.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी शेवटचा कॉर्ड पुरा विरायच्या आत अर्ध्या सेकंदाची एक चिवचिव वर चढत जाते आणि तुटते. वीज गेली होती. रेकॉर्डिंगची मोटर मंदावत थांबली आणि तिच्यावर उतरलेलं ते माझ्या मशीनवर उलट वर पळालं. काकांना विचारलं, ऐकायच्या प्रतीतून कापू का?

"कापू नको," ते म्हणाले. "त्यानंतर जिना मेणबत्तीवर उतरलो होतो."