चौघांची तिकिटं आणि एक डबा पेरूचं चीज

डब्लिनहून मुंबईला थेट विमान नाही. आखातातून वळसा घालून, तेही ऐन डिसेंबरात यायचं म्हटल्यावर चौघांच्या तिकिटांनी 4,000 युरो गिळले. त्यात सप्टेंबरात घर बदललेलं, नवीन डिपॉझिट भरलेलं. (डब्लिनच्या घरभाड्यावर मी आधी पुष्कळ रडलेय, आज नको.) पाच वर्षांनी नाताळला माहेरी, मरोळच्या गावठाणात पोचले तेव्हा सणाला म्हणून माझ्याकडे वीस हजार रुपये उरले होते आणि घरात लहानमोठी अकरा माणसं.

सांगणार कुणाला? 'फॉरेनची आली' म्हटलं की लोक मनातल्या मनात शंभराने गुणायला लागतात. विमानतळावरून येताना रिक्षात भाच्याने विचारलंच, "आत्या, माझ्यासाठी काय आणलंस?" चॉकलेटं आणली होती. त्याचा चेहरा मात्र टॅबची वाट बघणारा.

आयर्लंडमध्ये 'क्रिस किंडल' नावाची सोय आहे. नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी येईल त्या एकालाच भेट द्यायची आणि किमतीची मर्यादा आधी ठरवायची. ऑफिसात हे करून करून अंगवळणी पडलंय. दुसऱ्या दिवशी जेवताना मी धीर करून विषय काढला. मर्यादा 300 रुपये.

काकांनी घास तसाच हातात धरला. "युरोत कमावतेस आणि चिठ्ठ्या काढतेस?"

मी वरणाकडे बघत राहिले. रात्री भांडी आवरताना वहिनी हळूच म्हणाली, "ताई, बरं झालं तुम्ही बोललात. यांना दोन महिने पगार उशिरा होतोय. तुमच्या मुलांना काय द्यायचं या विचाराने मला झोप नव्हती." इकडे मी तिच्या मुलांच्या काळजीत, तिकडे ती माझ्या. दोघी बेसिनपाशी उभ्या राहून कितीतरी वेळ हसलो.

मम्मीला यातलं काही सांगावं लागलं नाही. येशूजन्माचा देखावा मांडतात त्या गोठ्यासाठी तिने थाळीत नाचणी आधीच पेरली होती, हिरवळ चांगली बोटभर आलेली. पप्पांनी केलेला बांबूच्या कामट्यांचा तारा माळ्यावरून काढून त्यावर फक्त पतंगाचा नवा कागद चिकटवला. मी मुलांना मेट्रो आणि लोकलने वांद्र्याला हिल रोडवर नेलं, पण नुसतं बघायला. धाकट्याने एक टोपी मिळवलीच.

आणि पेरू. डिसेंबरात ते स्वस्त, त्यातून मम्मीने गाडीवाल्याकडचे जास्त पिकलेले, डाग पडलेले अर्ध्या किमतीत उचलले. उकडून चाळणीवर घासले की बिया वर राहतात. गराइतकीच साखर, लिंबाचा रस, आणि मग मंद आचेवर ढवळत बसायचं. याला पेरूचं चीज म्हणतात, चीजचा त्यात पत्ता नाही. घट्ट होताना बुडबुडे फुटून चटके देतात, म्हणून मम्मी हाताला पप्पांचा जुना मोजा चढवते. मला वाटलं झालं, ती म्हणाली, "अजून कडा सोडत नाहीये, ढवळ." पाऊण तासाने गोळा कढईपासून सुटून कालथ्यामागे फिरायला लागला, तेव्हा कुठे तूप लावलेल्या ताटात थापला.

जेवणात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण. कलेजी वगैरे घालून होतं, त्यामुळे नुसत्या मांसापेक्षा खिशाला सोसतं. तीन दिवस आधी करून ठेवायचं, रोज गरम करायचं. व्हिनेगर मुरल्यावर त्याला चव येते. सोबत फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. मुठीतून पीठ दाबून गरम तेलात सोडायचं. माझ्या फुग्यांना शेपट्या आल्या. पंचवीस तारखेला सकाळी ताटं शेजारी गेली. समोरच्या काकूंनी आमचं ताट धुऊन परत केलं, त्यात तिळाच्या वड्या. दिवाळीच्या फराळापासून ही देवाणघेवाण चालू असते, रिकामं ताट कुणाकडे परत जात नाही. आणि दाराशी कोथिंबीरवाला ओरडत होता. डब्लिनमध्ये त्या दिवशी बस नाही, ट्रेन नाही, विमानतळसुद्धा बंद. तिथले पहिले दोन नाताळ मी खिडकीतून रिकामा रस्ता बघत काढले होते.

चिठ्ठीत माझं नाव मम्मीला आलं होतं. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्र्याचा डबा हातात दिला. बिस्किटांचा, मीच तीन वर्षांपूर्वी कुणाबरोबर तरी पाठवलेला. आत पेरूचं चीज, चौकोनी कापून, पतंगाच्या उरलेल्या कागदात एकेक वडी.

युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे सोरपोतेल मागेच राहिलं. बॅग वजनकाट्यावर ठेवली तर काटा मर्यादेच्या एक किलो पुढे. नवरा डब्याकडे बघू लागला. मी बॅगेतून धाकट्याचे बूट काढून त्याच्या पायात घातले.